व्यायामानंतरचा पेला

सांगलीहून रहिमतपूरला निघालेल्या एसटीत समीक्षाच्या पायाशी एक वजनकाटा होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. फळीवर ठेवावा तर पडेल, मांडीवर घ्यावा तर जड... म्हणून तिनं तो पायाशी सरकवला होता आणि दर धक्क्याला वाकून पाहत होती. कराडला गाडी थांबली, गर्दी चढली. दांडीला धरून उभा असलेला एक उंच माणूस मागच्या रेट्यानं पुढे आला आणि नेमका त्या काट्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. कागद फाटला. आकडे उजळले.

"चौऱ्याऐंशी किलो सहाशे," समीक्षा म्हणाली.

"कुणाचं?"

"तुमचं. उतरा आता... नाजूक आहे तो."

तो चटकन बाजूला झाला. त्याचे कान पैलवानांचे असतात तसे मोडलेले होते, चेहरा मात्र उशिरा शाळेत आलेल्या मुलासारखा झाला होता.

"बुटासकट हाय त्ये," तो पुटपुटला. "बूट काढले तर एवढं न्हाई भरायचं."

सकाळपासून काट्याच्या काळजीत बसलेली समीक्षा पहिल्यांदा हसली. हसली, आणि लगेच काटा तपासू लागली. तो बिघडला असता तर सगळंच बिघडलं असतं. ती नर्सिंगच्या एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा प्रबंध या काट्यावर उभा होता.

"कशाचा प्रबंध?" त्यानं विचारलं.

"लहान मुलांमधला लठ्ठपणा. तो यायच्या आधीच थोपवायचा. आहार सुधारायचा, व्यायाम घ्यायचा, बारा आठवडे."

"गावातली पोरं आन् लठ्ठ?"

"शाळेची गाडी दारात येते, हातात मोबाईल असतो, डब्यात वेफर्स. मग गाव काय आणि शहर काय?"

तिनं शाळेचं नाव सांगितलं तसा तो चपापला. कान खाजवला. "तिथं व्यायाम घ्यायला कोन हाय म्हनले?"

"कुणी जयराज सर आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, माणूस तालमीतला आहे. ऐकेल की नाही, सांगता येत नाही."

"ऐकंल," तो म्हणाला. "चौऱ्याऐंशी किलोचा हाय, पन ऐकंल."

समीक्षाचा चेहरा कानापर्यंत तापला. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर एकामागोमाग चालले होते. ती रहिमतपूर येईपर्यंत ते मोजत राहिली.

पाचवी-सहावीची बत्तीस मुलं निवडली होती. वजन पडद्याआड व्हायचं, एकेकाचं, आणि आकडा मोठ्यानं उच्चारायचा नाही. तो नियम समीक्षानं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला. मुलाला आकड्यानं हाक मारली की ते आयुष्यभर त्या आकड्याला ओ देतं, हे तिनं दवाखान्यात पाहिलं होतं. सोमवार ते शुक्रवार शाळा भरायच्या आधी चाळीस मिनिटं जयराज सर खेळ घेत. लंगडी, खो-खो, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या. शनिवारी समीक्षा सांगलीहून येई, डबे उघडायला लावी, भाकरी-उसळ, काकडी, शेंगदाणे यांच्या गोष्टी सांगे आणि प्रत्येकाची खाण्याची वही तपासे. रोज काय काय खाल्लं, ते त्या वहीत मुलानं आणि आईनं मिळून खरं लिहायचं.

"माझा बी डबा तपासा की," तिसऱ्या शनिवारी जयराज म्हणाला.

तिनं झाकण उघडलं. चार भाकऱ्या, पिठलं, लोण्याचा गोळा.

"हे चौघांचं आहे."

"मग बसा. दोघं अजून हुडकाय लागतील."

ती बसली. भाकरी मोडताना दोघांची बोटं एकदा एकमेकांना लागली... आणि दोघंही एकदम पिठल्याबद्दल बोलू लागले.

असे शनिवार येत गेले. थंडी वाढली. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती उतरायची तेव्हा मैदानावर धुकं असायचं आणि त्यात एक उंच आकृती, हातात कपभर चहा. बिनसाखरेचा — तिनं एकदाच सांगितलं होतं. ती विचारात पडली की पेनाचं टोपण चावते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. एका शनिवारी त्यानं तिच्यासमोर मूठभर फुटाणे ठेवले. "टोपनापेक्षा ह्ये बरं. पोरं बगत्यात, मॅडम. वहीत काय लिवनार, टोपन?"

घरी परतताना गाडीत तिला हसू यायचं, आणि मागोमाग धास्ती वाटायची. मन दुसरीकडे रमतंय... मोजणीत कुठे चुकलं तर? मार्चच्या मध्यात प्रबंध गेला नाही तर वर्ष गेलं. दवाखान्यानं तिची नर्सची जागा तेवढ्याच मुदतीपर्यंत राखून ठेवली होती.

बाराव्या शनिवारी शेवटचं वजन झालं.

पहिलं मूल उतरलं तेव्हा तिला वाटलं, वाचण्यात चूक झाली. पाचव्या मुलानंतर तिनं पहिल्या आठवड्याचे आकडे काढून ताडून पाहिले. वाढत्या वयाची मुलं, तीन महिन्यांत किलोच्या आत-बाहेर वाढणारच... पण इथं दोन किलो, कुणाचं सव्वादोन. बत्तीसपैकी सत्तावीस जणांचं. तिनं दहा किलोचं प्रमाण वजन काट्यावर ठेवून पाहिलं. बरोबर दहा.

सगळ्यात शेवटी सोनिया आली. दहा वर्षांची, गोबऱ्या गालांची. बारा आठवडे तिनं थंड पेयाच्या बाटलीला हात लावला नव्हता. आईनं तसं वहीत सही करून लिहिलं होतं. काट्यावरून उतरून तिनं हळूच विचारलं, "मॅडम, माझं कमी झालं का?"

"तू खूप छान पळायला लागलीस," समीक्षा म्हणाली. सोनियानं मान हलवली. उत्तर चुकवलेलं पोरांना कळतं.

मुलं गेल्यावर समीक्षा रिकाम्या वर्गात वह्या पसरून बसली. भाकरी, वरण, काकडी, उसळ. पुन्हा भाकरी. कुठे काही खोट नाही. जयराज दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"वजनं वाढलीत. व्यायाम झाला, वह्या चांगल्या... मग एकच राहतं. आयांनी खोटं लिहिलंय. अहवालात तसंच लिहावं लागेल."

त्यानं दारातूनच पसरलेल्या वह्यांवर नजर टाकली. मग आत येऊन समोरच्या बाकावर बसला. बाक करकरला.

"आयांचं नाव नका लिवू," तो म्हणाला. "त्यांनी खरंच लिवलंय."

"मग?"

"मी देत हुतो."

"काय?"

"थंडाई. रोज. व्यायाम झाला की शाळेमागच्या तालमीत न्यायचो. बदाम, खसखस, साखर, म्हशीचं दूध... एकेक पेला." त्याचा आवाज खाली गेला. "अंगमेहनत करून पोरगं कोरडं सोडायचं न्हाई, आमच्या लालासाहेब वस्तादांनी शिकवलंय. मला वाटलं, तुमच्या पोरांचं चांगलं करतोय."

समीक्षानं हातातली वही पुन्हा चाळली. "पण वहीत... एकाही मुलानं लिहिलं नाही."

"त्यांनी इचारलं हुतं. सर, ह्ये वहीत लिवायचं का? मीच म्हनलो, खानं येगळं, खुराक येगळा. खुराक व्यायामात धरत्यात."

तिनं वह्या गोळा केल्या. एकेक, कोपरे जुळवून.

"तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली.

"व्हय. पन मग त्या आया खोट्या ठरल्या असत्या."

"आणि आता मी नापास ठरेन." एवढं बोलून ती काटा उचलून निघाली. तो उचलायला पुढे झाला. तिनं मान हलवली — नको.

सांगलीला तिच्या मार्गदर्शक विजयमाला मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या शांत बाई. "वजन घटलं नाही म्हणून प्रबंध नापास होत नाही, समीक्षा. खोटा असला तर होतो. पण थंडाई किती, कशी, किती दिवस, हे नुसतं अंदाजानं लिहून चालणार नाही. आकडे आहेत?"

आकडे नव्हते. पुढचे चार दिवस समीक्षाला धड जेवण गेलं नाही. मुदत जवळ येत होती. फोन हातात घ्यायची, जयराजचं नाव काढायची आणि ठेवून द्यायची. राग होता... आणि रागाखाली तो बाक करकरल्याचा आवाज होता. स्वतःवर काही आळ येत नसताना समोर येऊन बसलेला माणूस. त्याला गप्प राहणं किती सोपं होतं.

पाचव्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बगलेत लाल कापडात बांधलेली वही.

"रागवा, पन आधी ह्ये बगा."

तिनं गाठ सोडली. तालमीची खुराकाची वही. पैलवानाला काय दिलं, किती दिलं, ते रोज लिहायची वस्तादांची जुनी शिस्त. तिच्यात जयराजच्या ठसठशीत अक्षरात बत्तीस मुलांची नावं होती. तारीख, दूध किती, बदाम किती, साखर किती, कुणी पेला अर्धा ठेवला. साठ दिवस, एकही खाडा नाही. शेजारच्या रकान्यात मैदानाच्या फेऱ्या. सोनिया : पहिल्या आठवड्यात दोन. शेवटच्या आठवड्यात अकरा.

समीक्षा तिथंच पायरीवर बसली. डोळे भरून आले होते, ते तिनं पानं उलटताना लपवले.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी काटा सुदिक उचलू दिला न्हाई. मग कसं सांगू?"

"वस्तादांना विचारलंत, वही आणताना?"

"सगळं सांगितलं. म्हनले, वही घिऊन जा आन् चूक कबूल कर. आन्..." तो थांबला.

"आणि?"

"आन् बाई रागावली तर रागवू दे, पन परत यायचं तर हसवून ये."

तिला हसायचं नव्हतं. पण ओठ ऐकेनात.

"सोमवारपासून थंडाई बंद," ती कडक आवाजात म्हणाली. "लिंबूपाणी, बिनसाखरेचं. मॅडमची परवानगी मिळाली की पुढचे सहा आठवडे मी पुन्हा येणार. प्रबंधात नसलं तरी. सोनियाला उत्तर द्यायचं राहिलंय."

"बरं."

"आणि प्रबंधात तुमचं नाव येणार आहे. थंडाई कुणी दिली आणि कुणी स्वतःहून सांगितलं, त्या पानावर."

"चुकीच्या पानावर," तो मान खाली घालून म्हणाला. "येऊ दे. आन् आभाराच्या पानावर?"

"तिथं शेवटी घरच्यांची नावं असतात."

जयराजनं मान डोलवली. कापडाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग... कवा छापायचंय त्ये पान? म्हंजे, माझ्या आईला सांगलीला यायचं झालं तर... तुमच्या घरी... त्याच्या आदी यायला पायजे ना."

समीक्षानं वही मिटून छातीशी धरली. समोरच्या चिंचेची बारीक पानं दोघांच्या मध्ये पडत होती. पेन कधी तोंडात गेलं, तिला कळलं नाही. त्यानं खिशातून फुटाण्यांची पुडी काढून पुढे केली.

"पंधरा मार्चला," ती म्हणाली. "आई-बाबांच्या खाली एक ओळ मोकळी ठेवते."