बहात्तर तासांची वंशावळ

गुरुवारी दुपारी नाशिकच्या मेंदूसंशोधन केंद्रात डॉ. सुनीती बेलसरे आणि डॉ. इम्तियाज तांबोळी ‘मूळशोधका’ची चाचणी घेत बसले होते, तेवढ्यात सुनीतीच्या आईचा फोन आला.

“कामात आहेस का गं?”

“हो आई. पटकन सांग.”

“तुमच्या त्या यंत्राला एक विचारायचं होतं. मालतीवहिनींनी आज पुन्हा भजनी मंडळात सांगितलं, कोथिंबीरवडीत दाण्याचं कूट घालायचं म्हणे त्यांनीच शोधून काढलं. सोळा जणींनी माना डोलावल्या!”

फोन स्पीकरवर होता. तांबोळींना हसू आवरेना. “काकू, यंत्र अगदी हेच काम करतं. सोळा जणी सांगतात म्हणून सोळा पुरावे होत नाहीत. सगळ्यांनी मालतीवहिनींकडूनच ऐकलं असेल, तर पुरावा एकच. आणि त्यांनी तुमच्याकडून उचललं असेल, तर त्यांच्या नावावर शून्य.”

“बघ, हा माणूस शहाणा आहे. तू नुसतीच डॉक्टर झालीस,” म्हणत कुमुदताईंनी फोन ठेवला.

दोघं पुन्हा पडद्याकडे वळले. कुठलंही नवं संशोधन करण्याआधी त्या विषयात आजवर काय लिहिलं गेलं आहे त्याचा साहित्य-आढावा घ्यावा लागतो. पूर्वी माणूस दोन-अडीचशे लेख वाचून तो घेत असे. आता एकेका विषयात हजारांनी लेख निघत, आणि बहुतेक लेख दुसऱ्या लेखांच्या आधारावर उभे असत. मूळशोधक एकच दावा घेई आणि संदर्भांची साखळी धरून मागे मागे जाई, जिथे कुणीतरी खरोखर मोजमाप केलं होतं तिथवर. त्या जागेला तांबोळी ‘मूळ’ म्हणत. दाव्याचं वजन किती, ते त्याला किती मुळं आहेत यावरून ठरे.

“पण लोक वाक्य जसंच्या तसं थोडंच उचलतात?” सुनीती म्हणाली. “शब्द बदलत जातात.”

“शब्द बदलू देत. अर्थ रुंदावला की यंत्र तिथे खूण करतं. ‘काहीं’चं ‘सर्व’ झालं, की तो नवा दावा. त्याला जुन्याची मुळं मिळत नाहीत. त्याची मुळं त्याने स्वतःच दाखवायची.”

“कडक आहे.”

“यंत्र आहे, मॅडम. त्याला कुणाची भीड?”

संध्याकाळी ती घरी गेली. आईने उपमा केला होता. दोघींनी बातम्या बघत तो खाल्ला, आणि आई नेहमीप्रमाणे बातम्या संपायच्या आतच पेंगायला लागली.

शुक्रवारी सकाळी दूध तापवताना कुमुदताईंना झटका आला. मेंदूत गुठळी झाली होती. इस्पितळाने तासाभरात त्यांना शीतनिद्रा दिली. शरीर बत्तीस अंशांवर नेलं की मेंदूची भूक मंदावते, आणि रक्त कमी पोचलं तरी पेशी तग धरतात. हा उपचार आता सर्रास झाला होता. सर्व प्रौढ रुग्णांना बहात्तर तासांपर्यंत सुरक्षित, असं नियमपुस्तिकेत छापलेलं होतं.

अठ्ठेचाळिसाव्या तासाला पाळीवरचा तरुण डॉक्टर अडखळत म्हणाला, “मॅडम, यांचं वय चौऱ्याहत्तर आहे. नाडी मला बरी वाटत नाही. आता हळूहळू ऊब द्यायला सुरुवात करू या का?”

“बहात्तरपर्यंत सुरक्षित आहे,” सुनीती म्हणाली. “चारशेहून जास्त लेखांत आहे ते. आता घाई केलीत तर मेंदू हातचा जाईल.”

ती या विषयातली नावाजलेली जाणकार होती. त्याने मान डोलावली. अठ्ठावन्नाव्या तासाला कुमुदताईंच्या हृदयाची लय बिघडली, ती पुन्हा जुळली नाही.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सुनीती कामावर आली. भेटायला येणाऱ्यांशी ती नीट बोलली. इस्पितळाविषयी तिची काही तक्रार नव्हती, कारण सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं, की ते आपोआप तोंडातून येऊ लागलं.

दोन महिन्यांनी उपचारनियम समितीचं पत्र आलं. शीतनिद्रेत असताना आणखी नऊ वृद्ध रुग्ण दगावले होते, नऊही वेगवेगळ्या गावांत. साठीपुढच्यांसाठी बहात्तर तासांची मर्यादा ठेवावी की नाही, यावर समितीला सोमवारपर्यंत साहित्य-आढावा हवा होता.

“हे दुसऱ्या कुणाकडे देऊ या,” तांबोळी म्हणाले.

“का?”

“का ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“या विषयात माझ्याइतकं वाचलेलं इथे दुसरं कोण आहे?”

ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. तो आकडा बरोबर असेल, तर ती त्या डॉक्टरशी बरोबर बोलली होती, आणि आई आजाराने गेली होती. याहून जास्त तिला काही नको होतं.

शनिवारी सकाळी त्यांनी यंत्र सुरू केलं. एकोणीसशे एकतीस लेख आत गेले. त्यांतल्या चारशे सोळा लेखांत हा दावा होता. पडद्यावर वंशावळ उगवली आणि गाळणी सुरू झाली. एकमेकांवरून उतरवलेले गळाले. तीनशे उरले, मग नव्वद, मग अकरा.

“तीन-चार मुळं तरी निघतील,” तांबोळी म्हणाले. “फार जुना दावा आहे हा.”

चहा संपायच्या आत निकाल आला. साठीच्या आतले रुग्ण: एक मूळ. एका इस्पितळात एकशे चौदा जणांवर झालेला प्रयोग, सर्वांत मोठा रुग्ण अठ्ठावन्न वर्षांचा. साठीपुढचे रुग्ण: शून्य.

“शून्य म्हणजे?” तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं.

“म्हणजे कुणी मोजलेलंच नाही. चारशे सोळांपैकी एकानेही नाही.” तांबोळी पुढे सरकले. “अर्थ रुंदावला तेवढी जागा शोधू. ती खूण यंत्राने केलेली असणार.”

खूण होती. अकरा वर्षांपूर्वीचा एक आढावा-लेख, त्यातला दुसरा तक्ता, सातवी ओळ. त्याच्या आधीच्या लेखात ‘प्रयोगातील रुग्ण’ असं होतं. या तक्त्यात ‘प्रौढ’ झालं होतं. पुढचे सगळे तिथूनच फुटले होते. तांबोळींनी लेखकाचं नाव उघडलं. ‘एस. के. बेलसरे’ ही अक्षरं सुनीतीने आपल्या जागेवरूनच वाचली.

तांबोळी म्हणाले, “त्या काळी सगळेच असं लिहायचे, मॅडम. अहवालात आपण म्हणू शकतो, की तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीनुसार…”

“पद्धत काय आहे आपली?”

“राहू द्या ना.”

“तांबोळी, पद्धत काय आहे? लेखक हयात असेल तर काय करायचं असतं?”

“विचारायचं असतं. त्याच्याकडे न छापलेलं मोजमाप होतं का, मूळ लेख त्याने पाहिला होता का.”

“मग विचारा. आणि उत्तर अहवालात जाऊ दे. सोमवारी ते वाचूनच समिती मर्यादा खाली आणेल.”

तांबोळींनी कळफलक जवळ ओढला. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “या दाव्याला आधार असलेलं मोजमाप आपल्याकडे होतं का?”

“नाही.”

“मूळ लेख आपण पाहिला होता का?”

अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. परीक्षकांनी नाही, संपादकांनी नाही, ज्यांनी तो लेख उचलला त्या चारशे जणांनीही नाही. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

“ते नियतकालिक मागवायला आठ दिवस लागणार होते,” ती म्हणाली. “लेख द्यायला चारच उरले होते. दुसऱ्याच्या लेखातून मी संदर्भ घेतला. रकाना अरुंद होता, ‘प्रयोगातील रुग्ण’ त्यात मावेना, म्हणून ‘प्रौढ’ लिहिलं.”

तांबोळींची बोटं थांबली होती.

“एवढं सगळं लिहायची गरज नाही, मॅडम. हो की नाही, एवढंच पुरे.”

“नाही,” सुनीती म्हणाली. “मी तो वाचला नव्हता.”