तळघरातलं पाचवं माणूस

नगरपालिकेचा माणूस आला तेव्हा मी दारापुढची पायरी दगडाने घासून पांढरी करत होते. आमच्या गल्लीत भिंती कुजल्या तरी चालत, पायरी मळलेली कुणी खपवून घेत नसे.

एंटविसल त्याचं नाव. राहायला नालायक ठरलेल्या घरांची तो यादी करत होता. त्याच्या मागोमाग मालकाचा कारभारी पॉगसन नाक मुरडत खाली उतरला. आमच्या तळघरात भर दुपारीही दिवा लागायचा. भिंती कायम पाझरायच्या आणि बुरशीचा वास पावालासुद्धा लागायचा.

अशा घरातल्यांना नगरपालिका नवं घर देणार होती, आणि त्याच्या खोल्या माणसांच्या संख्येवर ठरत. एंटविसलने दिवा उचलून डोकी मोजली. "बाई, तुम्ही आणि चार मुलं. एकूण पाच."

"चार कुठली? तीन!" पॉगसन खेकसला. "चौथी हिवाळ्यात गेली, छातीच्या दुखण्यानं."

"मग ती... भिंतीशी उभी आहे ती?"

आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं. नुसती ओली भिंत होती. मग त्या भिंतीतून खोकला आला... दोनदा. तो खोकला उराशी धरून मी किती रात्री काढल्या होत्या! भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता.

"ऑलिव्ह क्लेग," मी म्हणाले. "वय नऊ. लिहा, साहेब."

"आता मेलेल्यांनाही घरं वाटणार का?" पॉगसनचा आवाज चिरकला.

"तुमच्या भिंतीनं मारलं तिला. तिला या ओलीत सोडून मी जायची नाही. लिहा!"

एंटविसलने यादीत नाव लिहिलं.

शहराबाहेर तीन खोल्यांचं नवंकोरं घर मिळालं. ढेकूण सोबत येऊ नयेत म्हणून आमचं सामान आधी विषारी धुराच्या गाडीत कोंडलं. पायरी घासायचा दगड मात्र मी त्यात टाकू दिला नाही. ऑलिव्ह होती तोवर ते काम तिचं होतं. तो दगड मी मुठीत धरून आणला आणि उशाखाली ठेवून झोपले.

सकाळी दगड ओला होता, आणि पायरी पांढरीशुभ्र.

तिसऱ्या खोलीच्या कोरड्या भिंतीवर एका पंज्याचा ओला ठसा आहे. नगरपालिकेचे लोक विचारतात, ही ओल कुठून आली? मी सांगते, माझी मुलगी राहते इथं, हळू बोला. ठसा मी कुणालाही पुसू देत नाही.

पहिल्या वर्षी तो माझ्या कमरेशी होता. आता छातीशी आलाय, आणि पंजाही मोठा झालाय.