नकाशातली बुटकी कमान

"मावशी, मी तुमच्या घरापाशीच उभा आहो. पेशंटले घेऊन या."

गोपिकाबाई फाटकात उभ्या होत्या. गल्ली तोंडाशी असलेल्या कमानीपासून त्या टोकापर्यंत रिकामी. शेजारच्या दादाजींच्या कडुनिंबाखाली एक कुत्रं तेवढं पडलं होतं.

"कोणाच्या घरापाशी उभा आहेस गा? इथं कुत्रं सोडून कोणी नाही."

"समोर नाला दिसून राहिला."

"अन् नाल्यापलीकडं?"

"एक घर आहे. गच्चीवर लाल टाकी."

"तेच माहं घर आहे बाप्पा! तू पाठीमागून आला. समोरून ये."

"समोरून रस्ताच नाही दाखवत, मावशी. ॲप इथंच आणून सोडते. माह्यापाशी अजून पेशंट बसून आहेत." फोन बंद झाला.

वरांड्यात महादेवराव खुर्चीवर बसून होते. मांडीवर पिशवी, पिशवीत फाइल आणि शाल, दोन्ही पायांवर सूज. आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागायचं. दवाखान्याची गाडी फुकट न्यायची, फुकट आणून सोडायची. पण उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला लागायचं. तिथं कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. आणि आज ती गाडी नाल्यापलीकडून तशीच निघून गेली होती.

"कमानीपाशी अडली असंन!" कोपऱ्यावरून आवाज आला. सौरव आपली व्हॅन पुसत होता. "चला काकू, काकाजीले मी सोडतो. काहून जिवाले लावून घेता?"

सौरवची गाडीही पेशंट नेण्याचीच. कमानीच्या आत कोपऱ्यावर उभी राहायची, भाडी तिला ॲपवरून पडायची. साधी व्हॅन, टपावर कॅरिअर, त्याच्यावर निळा दिवा. भाडं घ्यायचा, पण हाताला धरून उतरवायचा, काकाजी काकाजी करत आत नेऊन बसवायचा. पुढच्या दोन खेपांनाही दवाखान्याची गाडी नाल्यापाशीच गेली आणि सौरवच धावून आला. पोरगा असावा तर असा, हे गोपिकाबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक बाईला ऐकवलं होतं. त्यांचा स्वतःचा पोरगा अमोल पुण्याला नोकरीवर होता आणि फोनवर फक्त "दवाखान्यात तक्रार कर" म्हणायचा.

तक्रार तर केली होती. दवाखान्यानं ॲपवाल्यांकडे बोट दाखवलं. ॲपवाल्यांनी नकाशाकडे. नकाशा कोणाचा, तर म्हणे सगळ्यांचा. जगभरातले लोक मिळून तो काढतात, ज्याला जे दिसलं ते तो लिहितो.

"सगळ्यांचा नकाशा! मंग मी भांडू कोणाशी?"

भांडायला घरात सून होती. दिपाली घरूनच कंपनीचं काम करायची आणि उरलेल्या वेळात या नकाशात रस्ते काढायची. तिघं नागपूरच्या टोकाला बेसाला राहायला आले तेव्हा या जागेवर नकाशात नुसतं कोरं वावर होतं. गल्ली दिपालीनं काढली, कमान तिनं काढली. एका रविवारी मंदिरात बसून गल्लीतल्या लोकांना नकाशात लिहायचं कसं तेही तिनं शिकवलं होतं. दादाजींनी लगेच आपला कडुनिंब टाकला होता.

"तू काढला ना हा नकाशा? मंग दवाखान्याच्या गाडीले घर काहून सापडत नाही?"

"आई, तुम्हीच पाहा. ही पांढरी पट्टी आपली गल्ली. हे नाव. ही तोंडाशी कमान. सगळं बरोबर आहे."

"सगळं बरोबर आहे तर तुह्या सासऱ्याचे पाय काहून सुजले?"

दिपालीनं लॅपटॉप बाजूला सारला. गोपिकाबाईंनी मेथीची जुडी दोघींच्या मधे ओढली. चौथीतून शाळा सुटलेली बाई. नकाशात त्यांना एका लाल टाकीवाल्या घरापलीकडे रस नव्हता. पण गल्लीत कोण आलं, कोण गेलं, हे त्यांनाच विचारावं.

"दिपाली, जेवणाचे डबे घेऊन फिरतात ती पोरं आपल्याकडं येतात?"

"येतात."

"मोबाइलवरून बोलावलेला ऑटो?"

"येते ना."

"तुह्या मावशीची कार?"

"परवाच नाही का आली?"

"पलीकडच्या मेघाचा नवा फ्रिज?"

"त्याचा टेम्पो नाल्यापाशी जाऊन उभा राहिला. चौघांनी उचलून आणला."

"अन् तो गादीवाला?"

"तोही तिकडंच..." दिपाली थांबली. "टेम्पो येत नाहीत. पण आई, गल्ली रुंद आहे. कारपेक्षा टेम्पो काही फार रुंद नसते."

"रुंद नसते वं. उंच असते."

दिपालीनं मेथीचा देठ टाकला आणि लॅपटॉप ओढला. यावेळी तिनं चित्र पाहिलं नाही. कमानीवर टिचकी मारून त्या चित्रामागं काय लिहिलंय ते उघडलं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"इथं उंचीची मर्यादा टाकली आहे. दोन पूर्णांक एक मीटर. यापेक्षा उंच गाडी जात नाही म्हणून."

"त्या कमानीखालून रेतीचा टिप्पर जाते!"

"मी नाही लिहिलं, आई. कोणीतरी मागाहून टाकलं."

"मंग चित्रात काहून नाही दिसलं?"

"लिहिलेलं सगळंच चित्रात उमटत नाही. रस्ता उमटते, झाड उमटते, कमान उमटते. तिची उंची नाही उमटत. पण ज्या गाडीची उंची ॲपमध्ये भरली आहे, तिच्यासाठी ॲप ते वाचते अन् गाडी दुसरीकडून फिरवते."

"भाजीतल्या मिठासारखं," गोपिकाबाई म्हणाल्या. "दिसत नाही, पण घास तेच बिघडवते. कोणी टाकलं?"

खात्याचं नाव होतं 'बेसा रहिवासी'. ना चेहरा, ना फोन. या एका बदलापलीकडे त्या खात्यानं दुसरं काहीच केलं नव्हतं. दिपालीनं मर्यादा पुसून टाकली. ॲपवाले दर दोन-तीन तासांनी ताजा नकाशा उचलतात, उद्या गाडी येईल, असं तिनं सासऱ्यांना सांगितलं.

संध्याकाळी पाहिलं तर २.१ पुन्हा जागच्या जागी.

गोपिकाबाईंनी पदर खोचला आणि थेट दादाजींचं फाटक गाठलं. गल्लीच्या शेवटाला बांधकाम चालू होतं. तिथं जाणाऱ्या टिप्परच्या धुळीवरून दादाजी भर चौकात ओरडले होते, या धुडायले गल्लीत येऊच देणार नाही म्हणून.

"दादाजी, टिप्परवरचा राग आजारी माणसावर काढता का?"

हातातला पाण्याचा पाइप तसाच धरून दादाजी म्हणाले, "काय बोलून राहिल्या, वहिनी?"

"नकाशात कमान बुटकी केली तुम्ही."

"मी? मी फक्त माहा कडुनिंब टाकला. विचारा तुमच्या सुनेले."

"गाड्या बंद करतो म्हणून कोण ओरडलं होतं?"

"मीच. अन् अजूनही ओरडीन! पण जो भर चौकात ओरडते, तो लपून काहून करंन?"

आवाज वाढले तशी माणसं बाहेर आली. सौरवही आला आणि त्यानं गोपिकाबाईंना हलकेच बाजूला नेलं. "जाऊ द्या काकू, म्हातारा माणूस आहे. मी आहो ना."

पण पुढच्या खेपेला सौरव नव्हता. त्याला कळमन्याकडचं लांबचं भाडं लागलं होतं. साधा ऑटो बोलावला, तर महादेवरावांना त्यात बसवेना. छातीत पाणी भरल्यासारखी धाप लागत होती. सौरव येऊन त्यांना घेऊन गेला तोवर मशीन दुसऱ्याला लागलं होतं. संध्याकाळी कशीबशी जागा मिळाली. डॉक्टरीणबाई गोपिकाबाईंनाच बोलल्या. घरच्यांनी वेळ पाळायला नको का म्हणे.

घरी आल्यावर महादेवराव उशांना टेकून बसले. "जाऊ दे वं गोपिका. कोणाकोणाशी भांडशीन?"

"काय जाऊ देऊ? तुम्हाले?"

गोपिकाबाई पायऱ्यांवर जाऊन बसल्या. दादाजींचं बोलणं काट्यासारखं सलत होतं. तेवढ्यात दुसरंही काही सलायला लागलं.

"दिपाली! ते दोनच्या वरचं एक म्हणजे केवढं?"

"दहा सेंटिमीटर. एवढं." दिपालीनं मुठीएवढं अंतर दाखवलं.

"खोटंच लिहायचं होतं तर त्या मेल्यानं पुरतं दोन लिहावं. हे मुठीएवढं कोणासाठी सोडलं? तू ते दोन कर."

"आई! खोटं नाही लिहायचं. जमिनीवर जे असते तेच लिहायचं, पहिला नियम आहे आमचा. मी लोकायले शिकवलं ते."

"जमिनीवर माहा माणूस धापा टाकून राहिला. ते लिही मंग."

दिपालीनं ओठ आवळून दोन लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनचे दोनच होते. दादाजी झाडांना पाणी घालत होते. कोपऱ्यावर सौरव गाडीला टेकून फोन झटकत होता.

"काय झालं गा, सौरव?"

"काही नाही, काकू. सकाळपासून एक भाडं पडलं नाही. मरू दे हा धंदा."

गोपिकाबाई आत आल्या. पोळी तव्यावर असताना दिपाली धावत आली. "आई, पुन्हा २.१ झालं! आत्ताच!"

गोपिकाबाईंनी पोळी उलटवली, नीट फुगू दिली, मग गॅस बंद केला. "शेवग्याच्या शेंगा तोडायचा बांबू आण. दोनवर लाल दोरा बांध, दोन-एकवर पिवळा."

उन्हं कलल्यावर गल्ली कमानीपाशी गोळा झाली. दादाजी हाताची घडी घालून लांब उभे होते. मेघा पोराला काखेत घेऊन आली होती.

"सौरव, तुही गाडी कमानीखाली आण बरं."

"माही? काहून, काकू?"

"आण तर."

तो हसत हसत घेऊन आला. गोपिकाबाईंनी बांबू गाडीला लावून सरळ धरला. टप लाल दोऱ्याच्या खाली राहिला. कॅरिअरही खालीच. निळा दिवा मात्र लाल दोऱ्याच्या वर निघाला आणि पिवळ्याच्या किंचित खाली थांबला. कमान त्याच्या वर हातभर नाही, चांगली माणूसभर उंच होती.

"आता ऐका," गोपिकाबाई म्हणाल्या. "कोणीतरी नकाशात ही कमान बुटकी केली. दवाखान्याची गाडी उंच, ती बंद झाली. टेम्पो बंद झाले. मले वाटलं हे दादाजींचं काम. पण ज्याले उंच गाड्या नको, त्याले कमान अजून बुटकी झाली तर काय दुखते? चांगलंच नाही का? म्हणून काल आम्ही ती मूठभर अजून खाली आणली."

"अन् आज कोणीतरी तेवढीच पुन्हा वर नेली," दिपाली म्हणाली.

"म्हणजे त्याले उंच गाडी यायले नको, पण दोन अन् दोन-एकच्या मधातली एक गाडी जायले पाहिजे. सौरव, तुह्या ॲपवाल्यायनं गाडीची उंची दिव्यासकट मोजून भरली ना?"

"भरली. त्यात काय? एवढ्या उंचीच्या गाड्या नागपुरात पाहिजे तेवढ्या आहेत."

"आहेत. पण कमानीच्या आत उभी राहते ती तुहीच. कमान दोनवर आल्यावर भाडं कोणाचं थांबलं? तुहं. अन् पुन्हा वर गेल्यावर?"

"माहं पडलं भाडं दुपारी. योगायोग आहे, काकू."

"बरं. मंग हा योगायोग सांग. पहिल्या दिवशी मी फाटकात फोनवर होती. तू कोपऱ्यावर. ड्रायव्हर नाल्यापाशी उभा होता. कमानीचं नाव त्यानं काढलं नाही, मी काढलं नाही, दिपालीलेही तवा माहीत नव्हतं. तू काहून म्हटलं, कमानीपाशी अडली असंन?"

सौरवनं एक पाऊल मागं घेतलं. मेघाचं पोरगं दिव्याकडे बोट दाखवून काहीतरी बोबडं बोललं.

"धंदाच होत नव्हता, काकू," तो शेवटी म्हणाला. "फुकटची गाडी दारात येते म्हटल्यावर माह्या गाडीत कोण बसंन? दिपाली वहिनींनी त्या रविवारी शिकवलं, तवाच डोक्यात आलं. पण मी काकाजीले कधी अंतर दिलं का? हाताले धरून नेलं मी त्यायले."

"धरून नेलं. म्हणून तर कोणाले शंका आली नाही." गोपिकाबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "रस्ता तूच बंद केला, अन् तूच देवासारखा उभा राहिला. अन् ज्या दिवशी तू नव्हता, त्या दिवशी तुह्या काकाजीचा श्वास कोंडला. काढ फोन. इथंच, सगळ्यायसमोर, तुह्या हातानं ते पूस."

त्यानं पुसलं. मग दिपालीनं दादाजींच्या शिडीवर चढून टेपनं कमान मोजली आणि जी होती तीच उंची लिहिली. लिहून झाल्यावर ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

दादाजींकडे त्या संध्याकाळी बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याचं भांडं गेलं. माफीचा शब्द काही त्यासोबत गेला नाही. दादाजींनीही भांडं रिकामं पाठवायचं नाही म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला घालून दिला.

पुढच्या खेपेला फोन वाजला.

"मावशी, घरापाशी उभा आहो."

गोपिकाबाईंनी आधी मागच्या खिडकीतून नाल्याकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. मग पुढचं दार उघडलं. पांढरी उंच गाडी कडुनिंबाखाली उभी होती आणि कुत्रं तिच्यावर भुंकत होतं.

गाडीत बसताना महादेवरावांचं लक्ष कोपऱ्यावर गेलं. सौरव तिथंच होता, व्हॅन पुसत. सवयीनं त्यांचा हात निरोपासाठी वर उठला. गोपिकाबाईंनी तो धरून खाली आणला, शालीखाली नीट ठेवला आणि दार ओढून घेतलं.