उन्हात सरकलेली मडकी

“आबा, ते मडकं कोठे ली चालना तू?”

लेकीची, सुगंधाची, हाक ऐकून पितांबरआबा दचकले. उसाचा रस आंबवून लोणच्यात घालायचा आंबट शिरका करायची मडकी त्या हिवाळ्यात त्यांच्या कळसाडी गावातल्या अंगणात मांडली होती. काहींत नुसता रस, काहींत गावात शेतकीचा वर्ग घेणाऱ्या चुनीलालमास्तरांच्या नव्या पद्धतीनं घातलेलं जुन्या शिरक्याचं विरजण. विरजणाचा गुण नेमका कळावा म्हणून कुठलं मडकं उन्हात, कुठलं सावलीत, हे मास्तरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. आणि आबा विरजणाची तेवढी मडकी उन्हात सरकवत होते.

“थंडी शे ना वं. गारठी जाई बिचारं.”

“चिठ्ठीनी जागा बदलानी नही, मास्तरनी सांगेल शे ना!”

“तुन्हा मास्तर जिंकना ते वर्ग आठेच ऱ्हाई. नही ते त्याले अक्कलकुवाले धाडतीन.”

“मन्हा कसाना?” सुगंधा म्हणाली खरी, पण कानांच्या पाळ्या तापल्या.

“म्हातारा शे मी. आंधळा नही.”

पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकून आलेला हा तापीकाठचाच तरुण मास्तर तिला पहिल्यांदा भेटला तो गुऱ्हाळावर. तिनं दिलेला रस पिऊन म्हणाला होता, “फार गोड... ऊस गोड, की हात?”

“मग पुढचा पेला आबांच्या हातून घ्या. कळेल.”

तो खळखळून हसला. “अहो, असं पारखून बघायचं, हेच तर मी शिकवतो! वर्गात या ना.”

पोरीच्या जातीनं वर्गात बसावं? गाव कुजबुजलं. आबांनी मात्र सतरंजीवर स्वतःशेजारी तिला जागा करून दिली. आई लहानपणीच गेलेली. तिला पुस्तकं आणून देणारे, तिच्यासाठी जगाशी बोलणारे तेच.

मडकी सरकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठले नाहीत.

तेराव्यानंतर मास्तर आले. एकेक झाकण निघालं. विरजणाचा शिरका सगळा नितळ, नाकात झणझणणारा.

“जमलं, सुगंधाबाई! वर्ग आता इथंच—” घरातलं दुःख आठवून त्यांनी आवाज उतरवला.

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिच्यासाठी शब्द टाकणारं आता कुणी नव्हतं. काका तिला विसरवाडीला न्यायला निघाले होते. मास्तर गावात राहिले असते, तर निदान...

“मास्तर, हे खरं नाही. आबांनी तुमची मडकी उन्हात सरकवली होती. विरजणाचा गुण किती नि उन्हाचा किती, आता सांगता येणार नाही.”

“सगळी?”

“सगळी.”

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “माझ्यासाठी इतकं कुणी... पण हा निकाल मला वर पाठवता येणार नाही. अक्कलकुव्याला जावं लागेल कदाचित.”

“माहीत आहे.”

“तरी सांगितलंत?”

“तुमचं काम खोटं ठरायला नको.”

ती थांबली. सतरंजीवरची ती जागा, ती पुस्तकं, उन्हात वाकलेली ती पाठ... केवढं दिलं होतं आबांनी, आणि त्यांनी ओळखलेल्या तिच्या मनातल्या गोष्टीला तिनं साधा होकारसुद्धा दिला नव्हता. मास्तरांकडे बघत, पण त्यांच्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

“हां आबा. हाऊ माले आवडस.”