शून्य नंबरचा अणू

आमच्या ऑफिसात दोन प्रोग्राम आहेत आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. एकात रेणू काढायचा, दुसऱ्यात त्याचं गणित करायचं. रेणू इकडून तिकडे न्यायचं काम माझं. हुद्दा भारदस्त आहे, पण काम हमालीचंच.

रेणूच्या चित्रातल्या एकेका अणूवर मी टीप लावते. हा अणू प्रथिनाला पकडतो, हा सैल आहे, हा तापवला तर तुटेल. टिपा अणूच्या नंबराला बांधलेल्या असतात. पहिला प्रोग्राम शून्यापासून मोजतो, दुसरा एकपासून. झालं! फाइल पलीकडे उघडली की प्रत्येक टीप शेजाऱ्याच्या अंगावर. पकडणारा सैल होतो, सैल असलेला तुटतो, शेवटच्या बिचाऱ्याला टीपच उरत नाही. मी सगळं हाताने दुरुस्त करायचे, तोवर साहेब नवा रेणू पाठवायचे. वैताग, वैताग आणि वैताग.

या हमालीपायी घरी पोचायला रोज उशीर. चिंगी चार वर्षांची. तिचं पाळणाघर बंद झालं तेव्हा माझी नणंद आमच्याकडे राहायला आली. स्वभावाने लाख माणूस. पण हल्ली चिंगी वेणी तिच्याकडूनच घालून घ्यायची, झोपायचीही तिच्या कुशीत. मला भीती कसली होती ते सरळच सांगते. ही पोर माझी उरणार नाही, ही.

त्या दिवशी सकाळी मी चिंगीला म्हटलं, "आज उजेड आहे तोवर येते हं मी."

"नाही आलीस तरी चालेल," ती म्हणाली. "आत्या आहे ना." रागाने नव्हे, अगदी समजूतदारपणे. मला तेच जास्त लागलं.

दुपारी मी कीबोर्डवर हात आपटला तसा शेजारच्या टेबलावरून गणिती उठून आला. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही.

"अगं, खोटा अणू टाक की," तो म्हणाला. "सगळ्यात आधी, शून्य नंबरवर. वजन नाही, विद्युतभार नाही, नुसती जागा अडवायची. दुसरा प्रोग्राम वजन नसलेलं काही मोजतच नाही, तो त्याला गाळून टाकतो. मग नंबर बरोब्बर जुळतात."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी?"

मी खोटा अणू टाकला, रेणूपासून चांगला लांब, चित्राच्या कोपऱ्यात. फाइल पलीकडे उघडली. तो गळला होता. प्रत्येक टीप आपापल्या अणूवर. इतक्या महिन्यांची कटकट एका चुटकीत संपली. मला हसावं की रडावं कळेना.

साहेबांनी एक छोटी सुधारणा सांगितली, म्हणून फाइल परत आणून पुन्हा पाठवली. या खेपेला खोटा अणू गळला नाही. पडद्यावर तो होता. कोपऱ्यात नव्हता, रेणूच्या जवळ आला होता.

माझाच हात लागला असेल. मी त्याला लांब नेऊन ठेवलं आणि फाइल पुन्हा पाठवली. तो आणखी जवळ आला. टिपा परत एकेक घर सरकल्या होत्या, आणि 'पकडतो' ही टीप त्याच्या अंगावर होती.

मी तो पुसला. फाइल बंद करून उघडली. तो होता.

"ए, तुझा खोटा अणू बिघडलाय," मी गणितीला हाक मारली.

तो खुर्चीत बसूनच वाकला. "कुठला खोटा?"

"हा काय, पहिला."

"हा तर खरा आहे," तो म्हणाला. "वजन दाखवतोय बघ." त्याने डोळे बारीक केले. "खोटा तो त्याच्या शेजारचा ना?"

शेजारचा माझा कार्बन होता. त्याच्या वजनाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

प्रोग्राम जुना आहे, कुठेतरी गफलत झाली असेल, उद्या बघू, असं मी स्वतःला बजावलं. साहेब आले आणि त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. "हे गणित तेवढं तपासून द्या." ते काम गणितीचं होतं. मी तसं म्हणाले, तर ते माझ्याकडे पाहतच राहिले. गणितीही.

मी पर्स उचलली. अजून उजेड होता.

आमच्या जिन्यात शेजारच्या काकू भाजीची पिशवी धरून उभ्या होत्या. एकदा आमच्या दाराकडे पाहायच्या, एकदा स्वतःच्या.

"काय शोधताय काकू?"

त्यांनी मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली असावी तसं. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "आठवतेय जरा."

काकूंच्या दारात माझी नणंद होती. पदराला हात पुसत ती अगदी घरच्यासारखी उंबऱ्यात उभी होती.

"अहो, तुम्ही इथे काय करताय?" मी विचारलं. "चिंगी कुठेय?"

रोज मला वहिनी म्हणणारी ती बाई परकं, गोड हसली. "तुमच्याकडेच असेल की," म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

आमच्या दाराला कडी लावलेली नव्हती. मी ढकललं.

नवरा सोफ्यावर बसला होता. त्याने मान वर केली. "ये ताई. आज लवकर सुटलीस?"

त्याच्या बहिणीला तो ताई म्हणतो.

"चेष्टा पुरे," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. त्याला ते कळलंही नाही. तो चेष्टा करत नव्हता.

आतून चिंगी धावत आली. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पसरले. ती खरोखरच येऊन बिलगली. केसांना तेलाचा वास होता. नुकतीच कुणीतरी घट्ट वेणी घातली होती.

"चिंगे, मी कोण?" मी तिच्या कानात विचारलं. "सांग ना राणी. मी कोण तुझी?"

ती खुदकन हसली. "आत्या!"

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून तिने हाक मारली, "आई, आत्या आली!"

आत कुणी नव्हतं. मला दारातून सगळं स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा, गॅस, खिडकी. कुणीही नव्हतं.

चिंगी मात्र मान वाकडी करून ऐकत राहिली. मग माझ्या मिठीतून अलगद सुटली.

"आई बोलावतेय," ती म्हणाली. "तू बस हं."

मी बसले.