सिंहाचा जबडा सरकला

आत्याचं लग्न झालं त्या वर्षी सुटीत टाचणी आणि ढोल्या मामाकडे राहायला गेले. टाचणी बारा वर्षांची, अंगाने काडी. ढोल्या तिचा धाकटा भाऊ, नावाला जागणारा. मामाचा छापखाना तळघरात होता. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई. रबरी पट्टी ओढली की खालच्या कागदावर चित्र उमटे. सर्र... ठक! दिवसभर तोच आवाज.

"अरे, ओला कागद पोटाने पुसतोस काय?" मामा ओरडला.

"मी नाही, पोटच पुढे गेलं!" ढोल्या म्हणाला.

टाचणी हसली नाही. तिच्या हातात सर्कशीचं भित्तिपत्रक होतं. सिंहाच्या जबड्यातला लाल रंग रेषेबाहेर ओघळल्यासारखा दिसत होता.

"मामा, लाल सरकलाय! सकाळचे कागद बघ, अगदी रेषेत आहेत. कालही दुपारनंतरच बिघडले."

"बिजागरी ढिली झाली असेल."

तिने चौकट हलवून पाहिली. बिजागरी घट्ट होती. थरथरत होता तो मामाचा हात!

"ताई, तेवढी पट्टी दे," तो म्हणाला.

टाचणीच्या अंगावर काटा आला. ताई म्हणजे तिची आई, आणि ती तर गावी होती. "मामा, मी टाचणी!"

"तेच म्हणालो ना मी?"

"खिडकी उघडू?"

"खबरदार! वारा लागला की शाई जाळीतच सुकते. वास ओढायला तो पंखा आहे की!"

छताजवळच्या नळीत पंखा घरघरत होता. टाचणीने स्टुलावर चढून त्याच्या जाळीसमोर कागदाची पट्टी धरली. ती जाळीला चिकटायला हवी होती. मेल्यासारखी लोंबत राहिली.

"मामा, वास बाहेर जातच नाहीये! वर चल!"

"माझं नाक कधीच मेलंय. पळा, काम करू द्या!" त्याने दोघांना बाहेर काढून आतून कडी लावली.

नळी मागच्या बोळात निघत होती. तिथे शेजारच्या गोदामवाल्याने दार बसवून कुलूप ठोकलं होतं, आणि फटीतून छपरापर्यंत रचलेल्या कापसाच्या गाठी दिसत होत्या.

"काका, आमच्या नळीपुढच्या गाठी काढा ना!"

"का म्हणून? वासाने माझी गिऱ्हाइकं पळत होती. नळीत बोळा कोंबला, तेव्हा कुठे शांतता झाली. चला, फुटा!"

टाचणीने ढोल्याच्या खिशातून हात पुसायचं फडकं ओढलं. ते शाई पातळ करायच्या थिनरने ओलं होतं. तिने ते काकांची पाठ वळताच दाराखालून आत सरकवलं.

"काका, धावा! तुमच्या कापसाला थिनरचा वास येतोय! एक ठिणगी पडली तर?"

गोदामवाल्याने नाक लावलं, आणि त्याचा चेहरा कापसासारखा झाला! कुलूप निघालं, गाठी भराभर खाली आल्या. नळीतून पोत्याचा बोळा उपसताच उग्र वासाचा लोट बाहेर आला. तिघेही खोकत मागे सरले.

"ऐका!" टाचणी कुजबुजली.

नळीतून पंख्याची घरघर येत होती. सर्र नाही. ठक नाही.

"मामा!"

तिघे जिन्याने धावले. गोदामवाल्याने खांदा मारून कडी तोडली. मामा टेबलावर पालथा पडला होता; गालाला लाल शाई माखलेली, डोळे मिटलेले. ढोल्याने श्वास रोखून सगळ्या खिडक्या उघडल्या. गोदामवाल्याने आणि टाचणीने मामाला ओढत अंगणात आणलं. किती तरी वेळ तो हललाच नाही. मग त्याला खोकला आला, आणि ढोल्या मोठ्याने रडू लागला.

"आणखी थोडा उशीर झाला असता, तर मला बोलावून उपयोग नव्हता," डॉक्टर म्हणाले. "पोरं मोठी शहाणी आहेत!"

"आणि आम्ही दोघं गाढव," गोदामवाला मान खाली घालून म्हणाला. घरातून धावत आलेल्या मामीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग टाचणीला इतकं घट्ट धरलं, की तिला श्वास घेता येईना.

मामा त्यानंतर पुष्कळ जगला. ढोल्याची मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो वारला. म्हातारा होऊन, झोपेत.