फेल गेलेल्या बोअर

करंजखोपात आता कुणी जमिनीवर मांडी घालून जेवत नाही. पंगत टेबलांवर बसते, कोंबड्या माळ्यावर झोपतात, खाली पडलेलं उचलायला वाकताना माणसं तोंड मिटून श्वास रोखतात, आणि रेणुका भोईटेची चौदा महिन्यांची मुक्ता एकदाही भुईवर उतरलेली नाही. कारण विचारलं तर गाव एकच शब्द सांगतं, ‘बसकी’.

बसकी म्हणजे कार्बन डायऑक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा जड, त्यामुळे सखल घरात शिरला की पाण्यासारखा तळाशी बसतो. उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. रांगणारं मूल मात्र झोप लागल्यासारखं पडतं. शेजारच्या घरातलं असंच पडलं, ते उठलं नाही.

हा वायू गावाखाली मुद्दाम भरला होता. हवा तापू नये म्हणून कारखान्यांच्या धुराड्यांतून गोळा करायचा आणि बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या, खोलवरच्या सच्छिद्र थरात दाबून सोडायचा. तिथे कॅल्शियमशी त्याचा संयोग होतो आणि वायूचा दगड बनतो. कल्पना खोटी नव्हती. बराचसा वायू खरोखरच दगड झाला. उरलेला एका जुन्या भेगेतून निम्म्यापर्यंत वर आला, आणि पुढची वाट त्याला गावाने आधीच करून ठेवली होती.

जागा निवडणारी भूवैज्ञानिक डॉ. ईशानी दातार आज मीटर घेऊन रेणुकाच्या घरी आली होती. मुक्ता टेबलावर भिंतीला धरून चालत होती.

“वरचा कातळ घट्ट हाय म्हणाला होता तुमी,” रेणुका म्हणाली.

“होता. म्हणून तर मी गावसभेत विचारलं, गावात बोअर किती. तुम्ही दोन सांगितल्या.”

“दोनच हैत की.”

“आणि पाणी न लागलेल्या?”

रेणुकाला प्रश्नच कळेना. “पाणी न्हाई लागलं तर ती बोअर कशी? ती फेल गेली.”

गाव खोटं बोललं नव्हतं आणि ईशानीने चुकीचं ऐकलं नव्हतं. पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला की बोअर मारायची, कोरडी निघाली की वर फरशी टाकून माती ओढायची, आणि हसं नको म्हणून पुन्हा नाव काढायचं नाही, ही तिथली रीत. तीन पिढ्यांनी कातळाची अशी चाळण केली होती. त्यावर घरं उभी राहिली. भोकं कुठे आहेत हे सांगणारं कुणी उरलं नाही. वायू सोडणं केव्हाच थांबवलं होतं, पण भरलेला परत काढता येत नव्हता. त्याचा दगड व्हायला आणखी चाळीसेक वर्षं लागणार होती. वरच्या माळावर गाव हलवायचं तर तिथे पाणी नव्हतं. आता काय करावं हे ईशानीला खरंच सुचत नव्हतं.

तिने मीटर जमिनीला टेकवला. वाऱ्याने घर धुऊन निघालं होतं.

“आत्ता अजिबात धोका नाही,” ती म्हणाली. “ठेवा तिला खाली. थोडा वेळ चालू दे.”

रेणुकाने दोनदा विचारून खात्री केली. मग मुलीला दोन्ही काखांखाली धरून हळूच खाली नेलं. कधीपासून ती या घडीची वाट बघत होती. तिचे डोळे भरून आले.

तळवे भुईला लागताच मुक्ताने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले, तोंड गच्च मिटलं आणि श्वास रोखून धरला.